दूरच्या दफ्तराची कुळकथा

पुसेगाव म्हटले की बहुतेक वाचकांच्या नजरेसमोर सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांची यात्रा उभी राहते. येथे अभिप्रेत असलेले पुसेगाव मात्र हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील, एकेकाळच्या निजामी मुलखातील आहे, आणि ज्या व्यवस्थेची कुळकथा सांगावयाची आहे तिची सोय आणि गैरसोय ही दोन्ही पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींपेक्षा अशाच गावी अधिक लख्ख दिसतात. व्यवस्था अशी की, कर्मचाऱ्यापुढे पडदा, कळफलक आणि एक लहानशी डबी एवढेच असावे, त्याचा संगणक म्हणून जो काही आहे तो दूरच्या माहिती केंद्रातील सर्व्हरच्या पोटात चालावा, इकडे दाबलेली कळ तारेवरून तिकडे जावी आणि पडद्याचे बदललेले चित्र तेवढे परत यावे. कंपन्यांतील मंडळी हिला व्हीडीआय म्हणतात.

हे नवलाचे वाटले तरी कूळ जुने आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी येथे फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकाच महायंत्राचा वेळ क्षणाक्षणाने अनेकांत वाटून देण्याची पद्धत दाखविली. पण वेळ वाटला तरी घर एकच राहिले. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६७ च्या आरंभी सुरू झालेल्या सीपी-४० या प्रणालीने पुढचे पाऊल टाकले. तिने एका यंत्रात चौदा स्वतंत्र यंत्रे भासविली, प्रत्येकाला आपल्यापुरते पूर्ण यंत्र मिळाले आणि एकाचा बिघाड शेजाऱ्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. त्याच घराण्यातील व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर केली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात डेक-१० या यंत्रावर अनेक टर्मिनलांवरून एकाच वेळी काम चाले. आणि सर्वसामान्य माणसाने हा प्रकार प्रथम पाहिला तो रेल्वेच्या आरक्षण-खिडकीवर, जेथे १९८५-८६ पासून, आरंभी दिल्लीस, कारकुनासमोरचा पडदा निर्बुद्ध आणि बुद्धी दुसऱ्या खोलीतील यंत्रात, अशी विभागणी झाली होती.

मधल्या काळात मात्र गाडी उलटी फिरली. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये निघाला, यंत्र स्वस्त झाले, आणि जी बुद्धी एका खोलीत कोंडलेली होती ती टेबलाटेबलावर पसरली. पुसेगावच्या निजामी मुलखाला अशा विखुरलेल्या मांडणीची ओळख नवी नव्हती. निजामाचे दिवाण सालारजंग पहिले यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी, करून अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार आणि तहसीलदार अशी पगारी उतरंड बसविली, त्यापूर्वी गावोगावचा हिशेब बव्हंशी वतनदार देशमुख-देशपांड्यांच्या घरी, त्यांच्या मर्जीने आणि त्यांच्याच बस्त्यांत असावयाचा; टेबलावरचा पीसी हाही अशाच एका वतनदाराचा वाडा होता. प्रत्येकाची विंडोज वेगळी, प्रत्येकाचा व्हायरस वेगळा, हिशेबाची अद्ययावत प्रत कोणत्या यंत्रावर आहे हे ज्याच्या त्यालाच ठाऊक. आणि यंत्र बसले की हिंगोलीहून कोणी येऊन ‘फॉरमॅट मारून’ देईपर्यंत काम खोळंबलेले.

बँकांचा प्रवास या फेऱ्याचा उत्तम दाखला आहे. बँकांच्या संगणकीकरणावरील रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर, आणि नोकरी जाण्याच्या धास्तीने संघटनांनी केलेला विरोध करारमदारांनी बराच निवळल्यानंतर, शाखांत प्रथम खतावणीची यंत्रे आणि मग शाखेपुरते सर्व्हर आले. शाखेचा हिशेब शाखेतच राही आणि संध्याकाळी ‘डे-एंड’ करण्याचे धर्मकृत्य तेथल्याच कोणा अधिकाऱ्याच्या गळ्यात असे. हैदराबाद संस्थानाने १९४१ मध्ये स्थापिलेली आणि १९५९ मध्ये स्टेट बँकेच्या परिवारात आलेली, मराठवाड्याला घरची वाटणारी स्टेट बँक ऑफ हैदराबादही या वाटेने गेली. २००३ पासून स्टेट बँकेने आणि तिच्या सहयोगी बँकांनी कोअर बँकिंग अंगीकारले, खाती बेलापूरच्या माहिती केंद्रात गेली, आणि १ एप्रिल २०१७ रोजी हैदराबाद बँक स्टेट बँकेत विलीन झाली. खातेदाराला कोणत्याही शाखेत पैसे मिळू लागले हे खरेच. त्याबरोबर ‘लिंक नाही’ हे दोन शब्दही खेडोपाडी येऊन राहिले. ही व्यवस्था व्हीडीआयची सख्खी बहीण नव्हे, चुलत बहीण म्हणावी, कारण येथे हिशेब केंद्रात गेला, संगणक टेबलावरच राहिला.

तो टेबलावरून हलावयाला आणखी एक अडथळा होता. स्वस्त पीसीची चिप अशा भासविलेल्या यंत्रांसाठी घडविलेलीच नव्हती. पेंटियमच्या सतरा आज्ञा अशा निघाल्या की त्या पाहुण्या प्रणालीने दिल्या तर यजमानाला पत्ताही लागू नये. १९९८ मध्ये डायान ग्रीन, मेंडेल रोझेनब्लम आणि सहकाऱ्यांनी स्थापिलेल्या व्हीएमवेअरने त्या आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती योजिली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी चिपमध्येच तशी तरतूद केली. पडद्याचे चित्र दूर पाठविण्याची कला सिट्रिक्सने त्यापूर्वीच साधली होती. दोन्ही विद्या एकत्र आल्या तेव्हा कर्मचाऱ्याची अख्खी विंडोज सर्व्हरवर चढली.

कंपनीचे संगणक सांभाळणाऱ्याला यात काय मिळाले, हे जवळून पाहण्याजोगे आहे. तो विंडोज, अँटिव्हायरस आणि कामाची सॉफ्टवेअरे घालून एकच मूळ प्रत सिद्ध करतो, तिला ‘गोल्डन इमेज’ म्हणतात. तिच्यापासून शेकडो डेस्कटॉप निघतात, दुरुस्ती रात्री एकदा त्या प्रतीत केली की सकाळी सर्वांना पोहोचते, आणि एका प्रकारात तर कर्मचाऱ्याने लॉगआउट करताच त्याच्या फायली तेवढ्या अन्यत्र सुरक्षित राहून बाकी सारे, व्हायरससुद्धा, पुसले जाते. दाखविणारे हे दाखवितात. कचेरी उघडण्याच्या वेळी शेकडो माणसे एकदम लॉगिन करतात तेव्हा जे होते ते सहसा सांगत नाहीत. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला फार तर दीडशे-दोनशे मागण्या पुरवी आणि एकटी विंडोज सुरू होतानाच त्याहून अधिक मागे, त्यामुळे ‘बूट स्टॉर्म’ नावाचे एक रोजचे संकट उभे राही; एसएसडी स्वस्त झाल्यावर ते ओसरले.

पुसेगावसारख्या गावांत ही व्यवस्था शिरली ती २०२० च्या मार्चमध्ये. दूरसंचार विभागाने १३ मार्चला घरून काम करण्यावरील अटी सैल केल्या, २५ मार्चला टाळेबंदी आली, आणि पुण्याच्या कंपन्यांत काम करणारी मराठवाड्यातील मुले लॅपटॉप घेऊन गावी परतली. परदेशी ग्राहकांची माहिती माहिती केंद्राबाहेर जाऊ देण्यास करार आड येत असताना, माहिती तेथेच ठेवून गच्चीवर बसलेल्या मुलाकडे केवळ चित्र पाठविणे ही कंपन्यांची मोठीच सोय झाली. मुलाची अवस्था निराळी होती: या कामाला रेंज फार लागत नाही, पण ती अखंड लागते, मोबाइलच्या दोन कांड्यांवर वाक्य अर्धे टाइप झाले की पडदा गोठावा, भारनियमनात राउटर जावा आणि पुन्हा जोडले जाईपर्यंत मीटिंग संपून जावी.

या व्यवस्थेचे भोक्ते तिला सर्वत्र लावू पाहतात, ते मला पटत नाही. हजार माणसांच्या कंपनीला ती खर्च भागवून देईल; पण सर्व्हर, साठवण आणि परवाने यांचा आरंभीचा बोजा पीसीपेक्षा भारी पडतो. शिवाय ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमचे परवाने विकणे बंद करून वर्गणी लावली, आणि पुढील वर्षी डेस्कटॉपचा विभाग विकून टाकला, तो आता ओम्निसा या नावाने चालतो. केंद्र ज्याच्या हाती त्याच्या दराने चालणे आले. सेनगाव तालुक्यातील दहा संगणकांच्या एखाद्या पतसंस्थेने या फंदात पडू नये. तिचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल, तर दोन बरे पीसी हाताशी राखून ठेवावेत, इन्व्हर्टरची बॅटरी वेळेवर बदलावी आणि दुसऱ्या कंपनीची एक जादा लाइन घ्यावी.