लाकडी पेलेट : घर तापवण्याच्या इंधनाची भाववाढ

लाकडी पेलेट : लाकडाचा भुसा व रंध्याचे छिलके वाळवून, दळून आणि मोठ्या दाबाखाली पोलादी साच्याच्या भोकांतून ढकलून तयार केलेल्या लहान दंडगोल कांड्या. युरोपात व उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत त्या घर तापवण्यासाठी जाळतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः या घरगुती इंधनाच्या दरांविषयी, त्यातही २०२१ ते २०२३ या काळातील युरोपीय भाववाढीविषयी आहे.

स्वरूप व मापे : घरगुती पेलेटचा व्यास ६ किंवा ८ मिमी. व लांबी फार तर ४० मिमी. असते. दाबाने तापलेल्या लाकडातील लिग्निन मऊ होऊन कण एकमेकांना धरून ठेवते, त्यामुळे निराळा गोंद लागत नाही. थोडा स्टार्च मात्र चालतो. आयएसओ १७२२५-२ या मानकातील ‘ए१’ वर्गासाठी ओलावा १० टक्क्यांहून व राख ०.७ टक्क्यांहून जास्त असता कामा नये, आणि किलोमागे किमान ४.६ किलोवॉट-तास उष्णता मिळायला हवी. ढोबळ हिशेबाने दोन किलो पेलेट म्हणजे एक लिटर तेल. युरोपात २०१० पासून ‘ईएनप्लस’ ही प्रमाणन योजना चालते. पोत्यावरील तिच्या चिन्हाखाली उत्पादकाचा किंवा विक्रेत्याचा क्रमांक छापलेला असतो.

माल दोन प्रकारे घरी येतो. इटली व फ्रान्समध्ये १५ किलोच्या प्लास्टिक पोत्यांचा प्रघात आहे. पोते दुकानातून आणायचे आणि खोलीतल्या शेगडीच्या टाकीत ओतायचे. जर्मनी व ऑस्ट्रियात तळघरातील बॉयलर सगळे घर तापवतो. हा बॉयलर म्हणजे आपल्याकडच्या न्हाणीतल्या बंबाचे मोठे व स्वयंचलित रूप होय. त्यासाठी सुटा माल टँकरने येतो. बॉयलर आधी बंद करून ठेवावा लागतो. चालक पेलेट साठवण्याच्या कोठीच्या भिंतीतील दोन तोंडांना दोन नळ्या जोडतो. एका नळीतून हवेच्या झोताबरोबर पेलेट आत जातात, दुसरीतून धूळ बाहेर ओढली जाते. समोरच्या भिंतीवर आपटून कांड्यांचा चुरा होऊ नये म्हणून आत रबरी पडदा टांगलेला असतो. चुरा फार झाला तर माल ओढणारा स्क्रू अडतो आणि ऐन थंडीत बॉयलर बंद पडतो. ताज्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. बंद कोठीत शिरून माणसे दगावल्याच्या घटना युरोपात घडल्या आहेत. म्हणून कोठीला वायुवीजन ठेवणे अत्यावश्यक मानतात.

उगम : १९७०च्या दशकातील तेलटंचाईत अमेरिकेत या इंधनाला चालना मिळाली. सिअ‍ॅटल येथील विमान-अभियंता जेरी व्हिटफील्ड याने १९८०च्या दशकाच्या आरंभी घरगुती पेलेट-शेगडी तयार केली. स्वीडन व ऑस्ट्रियात प्रसार त्यानंतर झाला.

दर कशावर ठरतो : पेलेटसाठी सहसा झाड तोडत नाहीत. सॉ मिलमध्ये ओंडक्यांच्या फळ्या पाडताना जो भुसा पडतो, तो यात जातो. म्हणजे पेलेट हे उपउत्पादन आहे, आणि त्याच्या भाववाढीचे मूळ याच गोष्टीत आहे. थंडी वाढली, मागणी दुप्पट झाली, तरी केवळ भुशासाठी कोणी सॉ मिल जास्त चालवत नाही. सॉ मिल चालते ती बांधकामाला फळ्या हव्या असतील तर. व्याजदर चढून घरबांधणी मंदावली की फळ्यांची मागणी घटते आणि थंडीशी काही संबंध नसताना भुसा कमी पडतो. कागद व लाकडी तक्त्यांचे कारखानेही हाच भुसा व तुकडे विकत घेत असतात. भुसा वाळवायला उष्णता आणि दाबयंत्राला वीज लागते. वाहतुकीला डिझेल लागते. ‘गावच्या जंगलातले, परदेशी तेलावायूपासून मुक्त’ अशी या इंधनाची जाहिरात झाली. त्यातला अर्धाच भाग खरा आहे, कारण पेलेटचा दर वायू व तेलाच्या दराला आतून बांधलेला राहतो. वायू महागला की लोक पेलेटकडे वळतात आणि पेलेटही महागतात.

वर्षातील चढउतार ठराविक असतो : उन्हाळ्याच्या सुरुवातीस दर सर्वांत कमी, हिवाळ्यात सर्वांत जास्त. जाणते लोक मे-जूनमध्ये कोठी भरून घेतात.

२००६ची टंचाई : २००५-०६चा हिवाळा कडक गेला, बॉयलरची विक्री जोरात होती आणि उत्पादन तोकडे पडले. ऑस्ट्रियात २००६च्या अखेरीस दर टनाला २६० युरोंच्या आसपास गेला. त्याचा धसका एवढा मोठा होता की पुढच्या वर्षी तेथील पेलेट-बॉयलरची विक्री साठ टक्क्यांहून अधिक घसरली. दर तोवर उतरले होते, विश्वास मात्र परतायला पुढे काही वर्षे लागली. २०२२चा प्रसंग समजण्यासाठी हा पूर्वप्रसंग मोलाचा आहे. धोरण आखणाऱ्यांनी त्याकडे पुरेसे पाहिले नाही.

२०२१–२३ची भाववाढ : या काळाची सर्वांत सलग आकडेवारी जर्मन पेलेट-संघटनेची (डीईपीव्ही) आहे. सहा टनांची खरेदी, घरपोच व करासह, असा सरासरी दर ती दरमहा प्रसिद्ध करते. २०१८ नंतर मध्य युरोपात खोडकिड्याने स्प्रूसची जंगले वाळली, लाकूड मुबलक झाले, आणि २०२१च्या मध्यास दर टनाला सुमारे २२० युरो होता. त्याच वेळी मागणीही वाढवली जात होती. २०२० पासून जर्मन सरकार जुना तेलबॉयलर काढून पेलेट-बॉयलर बसवणाऱ्यास खर्चाच्या ४५ टक्क्यांपर्यंत अनुदान देई.

चढ युद्धाआधीच सुरू झाला होता. २०२१-२२च्या हिवाळ्यात वायू महागला आणि पेलेट ३०० युरोंच्या वर गेले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मार्चमध्ये बेलारूसच्या आणि ८ एप्रिलच्या पाचव्या निर्बंध-संचाने रशियाच्या लाकडाची युरोपीय संघातील आयात बंद झाली. रशियाबाबतची सवलतीची मुदत १० जुलैला संपली. एफएससी व पीईएफसी या वनप्रमाणन संस्थांनी या दोन देशांच्या लाकडाला आपल्या साखळीतून वगळले. रशिया, बेलारूस व युक्रेन मिळून युरोपीय संघाला वर्षाकाठी सुमारे ३० लाख टन पेलेट पाठवत. संघाचा एकूण खप २ कोटी टनांच्या वर होता. बॉस्निया-हर्झगोव्हिना व सर्बिया यांनी स्वतःच्या लोकांसाठी निर्यातीवर तात्पुरते निर्बंध घातले. हंगेरीने जळाऊ लाकूड अडवले.

त्या उन्हाळ्यात दर उतरलेच नाहीत. हिवाळ्यात वायू मिळेल की नाही या भीतीने लोकांनी जून-जुलैपासूनच कोठ्या भरायला घेतल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मन सरासरी टनाला सुमारे ७६० युरोंवर पोहोचली. वर्षाला पाच टन लागणाऱ्या घराचा खर्च अशा रीतीने ११०० युरोंवरून ३८०० युरोंवर गेला. इटलीत ४-५ युरोंना मिळणारे पोते दहा युरोंच्या पुढे गेले, काही दुकानांत एका गिऱ्हाईकाला मोजकीच पोती मिळत.

जर्मनी स्वतःच्या गरजेपेक्षा थोडे जास्तच पेलेट बनवतो : वर्षाला ३५ लाख टनांच्या आसपास. तरीही दराचा भडका तेथेही उडाला. बाजार एकच आहे. इटली आपल्या गरजेचा फार मोठा भाग बाहेरून आणते. रशियाचा माल आटल्यावर तिचे व्यापारी ऑस्ट्रिया व जर्मनीच्या दारात उभे राहिले. भाववाढीत साठेबाजीचा वाटा किती, याबाबत उत्पादक व ग्राहक संघटनांत मतभेद आहेत.

दर २०२३च्या उन्हाळ्यापर्यंत ४०० युरोंच्या खाली आले, २०२४ मध्ये आणखी उतरले. २०२१च्या पातळीवर ते टिकून परतलेले नाहीत.

सरकारी उपाय : या भागाची कागदपत्रे विपुल आहेत आणि ती वाचताना एक अन्याय ठळक दिसतो. नळाने येणाऱ्या वायूवर सरकारला दराची मर्यादा घालता येते. पोत्यातून किंवा टँकरने येणाऱ्या इंधनाला तशी सोय नसते. जर्मनीत २०२३ मध्ये वायूच्या नेहमीच्या वापराच्या ८० टक्के भागाला किलोवॉट-तासामागे १२ सेंटची मर्यादा मिळाली. सप्टेंबर २०२२च्या दराने पेलेटची उष्णता १५ सेंटच्या वर पडत होती आणि ते पैसे एकरकमी, टँकर दारात येताच, मोजायचे होते. वायूचे बिल हप्त्यांनी फेडता येते.

पेलेट, तेल व एलपीजी वापरणाऱ्यांसाठी जर्मनीने ‘अडचणीतील मदत’ ही योजना काढली. पेलेटचा संदर्भ-दर किलोला २४ सेंट धरला. त्याच्या दुपटीहून, म्हणजे ४८ सेंटहून, जेवढे जास्त दिले असतील त्याच्या ८० टक्के परत. घरामागे कमाल २००० युरो. टनाला ७६० युरो मोजणाऱ्यास टनामागे सुमारे २२४ युरो मिळत. ४५० युरोंना घेणाऱ्याने जुन्या दराच्या जवळजवळ दुप्पट दिले, तरी त्याच्या हाती काहीच नाही. खरेदी २०२२ सालची असली तरी बहुतेक राज्यांतील अर्ज मे २०२३ मध्ये सुरू झाले. ज्यांनी थंडीआधी उसने घेतले त्यांची थंडी तोवर संपली होती. अल्प उत्पन्नाच्या घरांचा विचार या रचनेत अगदीच तोकडा आहे, असे प्रस्तुत संकलकाचे मत आहे.

इटलीत पेलेटवरील मूल्यवर्धित कर २०१५ पासून १० टक्क्यांवरून २२ टक्के केला होता, जळाऊ लाकडावर तो १० टक्केच राहिला. २०२३ साठी व पुढे २०२४च्या पहिल्या दोन महिन्यांसाठी पेलेटवरही १० टक्के केला, मग पुन्हा २२. फ्रान्सने लाकूड जाळणाऱ्या कुटुंबांना ५० ते २०० युरोंचा एकवेळचा धनादेश दिला. ब्रिटनने नळाच्या वायूऐवजी इतर इंधन वापरणाऱ्या घरांना २०० पौंड दिले.

फसवणूक : २०२२च्या शरदात जर्मनीत बनावट संकेतस्थळांचे पीक आले. निम्म्या दरात पेलेट, पैसे आगाऊ, माल कधीच नाही. ग्राहक-केंद्रांनी वारंवार इशारे दिले. नकली ‘ईएनप्लस’ चिन्हाची पोतीही विकली गेली. ओळखण्याची साधी खूण म्हणजे चिन्हाखाली क्रमांक नसणे, किंवा असलेला क्रमांक योजनेच्या यादीत न सापडणे.

परिणाम : बॉयलर व शेगड्यांची विक्री २०२३ मध्ये अनेक देशांत घटली, जर्मनीने पेलेटसह सर्व बायोमास-बॉयलरचे अनुदान ऑगस्ट २०२२ मध्येच कमी केले होते. काही घरांनी खोल्या बंद ठेवून एकच खोली तापवली.

उत्तर आयर्लंड : येथील प्रश्न उलट दिशेचा. २०१२ मध्ये सुरू झालेल्या अक्षय उष्णता योजनेत व्यावसायिक बॉयलरला मिळणारे अनुदान पेलेटच्या खर्चाहून अधिक होते, त्यामुळे जितके जाळावे तितका फायदा होई. या प्रकरणावरून उपप्रथममंत्री मार्टिन मॅगिनेस यांनी ९ जानेवारी २०१७ रोजी राजीनामा दिला व सरकार कोसळले.

औद्योगिक पेलेट : ब्रिटनमधील ड्रॅक्ससारखी वीजकेंद्रे दीर्घ मुदतीच्या करारांनी घेतात, बाजार बराचसा वेगळा.

महाराष्ट्र : घर तापवण्यासाठी पेलेटचा वापर येथे नाही. चुलीसाठी मात्र झाला, आणि त्याचा शेवट युरोपच्या अनुभवाशी जुळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने ब्रिटिश पेट्रोलियमबरोबर घडवलेली ‘ऊर्जा’ ही पंखा-शेगडी २००६ पासून महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडूत विकली गेली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. मराठवाड्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या स्वयंसेवी संस्थेशी जोडलेल्या बायकांनी गावोगाव शेगड्या व पेलेटची पोती पोहोचवली. एकूण सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. पेलेट लाकडाचे नसून उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले अशा शेतमालाच्या उरल्यासुरल्यापासून होत. पुढे साखर कारखाने चिपाडांवर वीज करू लागले, चिपाडांना दुसरे गिऱ्हाईक मिळाले आणि पेलेट महागले. येथेही माल उपउत्पादनाचाच होता. धूर कमी, स्वयंपाक लवकर, हे बायकांना पटले होते. परवडेना ते पोते. बहुतेक घरे सरपणाकडे किंवा गॅसकडे वळली, शेगड्या माळ्यावर गेल्या. कंपनीने पुढे हॉटेले, खाणावळी व कारखान्यांना पेलेट विकण्यावर भर दिला.