एक भाकर आणि न विचारलेला प्रश्न

मराठीच्या पाठ्यपुस्तकांतून फादर थॉमस स्टीफन्स आपल्याला भेटतो तो मराठीची थोरवी गाणारा परदेशी कवी म्हणून. भाषेच्या स्तुतीच्या चार-दोन ओव्या निवडायच्या, गोऱ्या माणसानेही मराठीला मुजरा केला याचे समाधान मानायचे आणि ‘ख्रिस्तपुराणा’च्या उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्यांकडे पाठ फिरवायची, ही प्रस्थापित वाङ्मयेतिहासाची रीत. त्या ओव्या लिहिल्या गेल्या त्या नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याचा धर्म त्याच्या भाषेत कळावा म्हणून. मी बौद्ध आहे. त्या श्रद्धेचा प्रचारक म्हणून मी हे लिहीत नाही. पण धर्मांतर केलेल्या समाजाला नवा धर्म कोण समजावतो, कोणाच्या प्रश्नांना उत्तरे देतो आणि कोणाच्या प्रश्नांना देत नाही, हा प्रश्न माझाही आहे.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. तोवर तिथे पोर्तुगीज सत्ता रुजली होती, १५६० पासून इन्क्विझिशन सुरू झाले होते, साष्टीतील देवळे पाडली गेली होती. धर्मांतरामागे राजसत्तेचा धाक होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बाप्तिस्मा झाला म्हणजे श्रद्धा कळली असे नव्हे. युरोपातही ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ मध्ये रोमने धर्मशिक्षणाचा ग्रंथ काढला, तो सामान्य माणसाला काय व कसे शिकवावे हे धर्मगुरूंना कळावे म्हणूनच. गोव्यात स्टीफन्सने पोर्तुगीज प्रश्नोत्तरी कोकणीत आणली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, रायतूरला छापली गेली. ‘ख्रिस्तपुराण’ त्याआधीच, १६१६ मध्ये, रोमन लिपीत छापून झाले होते.

या शिकवणीत होते काय? देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत. त्याने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्मिले. आदिमातापित्यांच्या पापामुळे सारी मानवजात देवाला दुरावली. पुत्र मरियेच्या उदरी मनुष्य झाला, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. त्याची कृपा माणसापर्यंत पोचते ती सात संस्कारांतून. बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतले जाते. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस हे ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. नुसते प्रतीक म्हणून नव्हे तर प्रत्यक्ष, अशी कॅथलिक श्रद्धा आहे.

आता हीच तत्त्वे जातीच्या भूमीत ठेवून पाहा. मूळ पापाचा सिद्धान्त ऐकायला निराशेचा वाटतो. पण वर्णव्यवस्थेत जन्मतः विटाळलेले असतात ते काहीच लोक. इथे ब्राह्मणही डागासह जन्मतो आणि महारही. तो डाग धुणारे पाणीही एकच. मिस्सेतली भाकर तर याहून स्फोटक आहे. जात जगते ती रोटीबंदी आणि बेटीबंदीवर. तिथे एका वेदीवरून एकच भाकर सर्वांनी खायची, आणि तो उपचार नसून धर्माचा गाभा आहे असे सांगायचे. या दोन तत्त्वांचा अर्थ अखेरपर्यंत उलगडला असता तर जातीला देवळात पाय ठेवायला जागा उरली नसती.

तसे घडले नाही. याचे एक कारण ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच सापडते. साष्टीतील चर्चमध्ये मुलांना प्रश्नोत्तरी शिकवली जात असते. तिथे एक ब्राह्मण येतो आणि सुचवतो की जुनी पुराणे बंद झाली, तर आम्हांला दुसरे काही पुराण करून द्या. पाद्री ते मनावर घेतो. ग्रंथाचा पहिला श्रोता, पहिला प्रश्नकर्ता हा असा आहे. त्याच गावच्या वेशीबाहेरचा बाप्तिस्मा घेतलेला महार काय विचारीत होता? “एका भाकरीचे आम्ही मानकरी, मग आमची जागा वेगळी का?” हा प्रश्न प्रश्नोत्तरीत नव्हता. म्हणून त्याचे उत्तरही नव्हते.

परिणाम आपल्यासमोर आहेत. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चार्दो, सुदिर या जाती राहिल्या, महार-चांभारही राहिले. धर्मबंधुत्वाच्या नावाने चालणारी कोंफ्रारीया मंडळेही जातीवर उभी राहिली. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी दक्षिणेतील उच्चवर्णीय ख्रिस्त्यांना जानवे-शेंडी ठेवण्याची सवलत दिली आणि त्याच पत्रात खालच्यांना तुच्छ लेखू नका अशी विनवणीही केली. सवलत पाळली गेली, विनवणी कागदावर राहिली. तामिळनाडूत वडक्कनकुळमला १८७२ मध्ये चर्च बांधले ते दोन फाट्यांचे: वेदी एक, पण जातीनुसार बसण्याची दालने दोन. सिद्धान्त आणि समाज यांतील अंतर तिथे दगडविटांत उभे होते.

भाषेचेही तेच. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेत सामान्यांनी धर्म समजून घेतला, तीच हीन ठरली. लोकांच्या भाषेत मिस्सा व्हायला १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद यावी लागली. या परिषदेने वंश, वर्ण, सामाजिक स्थिती यांवरून होणारा भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध ठरवला आणि १९९२ च्या नव्या धर्मशिक्षण ग्रंथाने ते वचन घेतले. त्या यादीत जात हा शब्द नाही. भारतातील कॅथलिक बिशपांनी दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधील जातिभेद कबूल केला तो २०१६ मध्ये. स्टीफन्सच्या ग्रंथानंतर बरोबर चारशे वर्षांनी.

इथे १४ ऑक्टोबर १९५६ आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा हीसुद्धा सामान्य माणसासाठी केलेली धर्माची मांडणीच होती. पण त्यांतील नववी माणसांच्या समानतेची आहे आणि दहावी ती समता स्थापन करण्याच्या प्रयत्नाची. तळच्या माणसाचा प्रश्न तिथे परिशिष्टात टाकलेला नाही. तो श्रद्धेच्या शब्दांतच गुंफला आहे.

दलित ख्रिस्त्याची मात्र दोन्हीकडून कोंडी झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची व्याख्या हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. शासन म्हणते, तुझ्या धर्मात जात नाही. चर्चमधला शेजारी मात्र त्याची जात विसरत नाही.

म्हणून जे आज रविवारच्या वर्गात मुलांना धर्म शिकवतात, आणि आपल्यापैकी जे विहारात शिकवतात, त्या सर्वांना माझे एकच सांगणे आहे. तत्त्व सोपे करून सांगा. पण आधी मागच्या ओळीत बसलेल्याला विचारू द्या. त्याच्या प्रश्नाला टाळणारी सोपी भाषा जुन्याच व्यवस्थेला नवा अंगरखा घालते.