गाणगापूरच्या वाटेवरील स्वस्त मोटार

भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ वसलेले गाणगापूर आज कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात मोडते. पण तेथील निर्गुण पादुकांपुढे उभा राहणारा भाविक पुष्कळदा मराठीच बोलणारा असतो. पंधराव्या शतकात नृसिंहसरस्वतींचे वास्तव्य येथे झाले आणि 'गुरुचरित्रा'च्या पारायणांनी हे गाव महाराष्ट्राच्या घराघरांत नेऊन पोहोचविले. १८७१ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूर, गुलबर्गा असा रायचुरास जाऊन मिळाला, तेव्हापासून यात्रेकरूस आगगाडीची सोय झाली. मात्र गाणगापूर रोड हे स्थानक देवळापासून वीसेक किलोमीटर दूर. पुढला पल्ला बैलगाडीचा, नाहीतर स्वतःच्या पायांचा. पुढे डांबरी सडका झाल्या, मोटार आली, आणि अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशी सारी क्षेत्रे एकाच फेरीत करण्याची प्रथा रूढ झाली. ही फेरी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आणली ती स्वस्त मोटारीने. ती मोटार किती सुरक्षित होती, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

आपल्याकडे स्वस्त मोटार आली ती परदेशातूनच. फोर्ड कंपनीने १९२६ साली आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत आपले बस्तान बसविले. सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने यावयाचे आणि येथे जोडले जावयाचे. त्या काळातील मोटारींत समोरची काच हाच मोठा धोका होता. साधी काच फुटली की तिच्या सुऱ्या होत. फोर्डच्या 'मॉडेल ए' या स्वस्त गाडीस १९२७ च्या अखेरीपासून पुढे दुपदरी सुरक्षित काच बसविण्यात आली, ही त्या मानाने मोठीच सुधारणा. पुढे सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून पुढे इटालियन आराखड्याची फियाट बाहेर पडू लागली. ॲम्बॅसडर ही तर विलायतेतील मॉरिस ऑक्सफर्डचीच भारतीय आवृत्ती होती. आराखडे परक्यांचे, ते येथे येऊन दशकानुदशके थोड्याफार फेरफाराने तसेच राहिले. परदेशात मात्र विचार पुढे सरकत होता.

त्या काळी कायदा काय पाहत असे? १९१४ च्या कायद्याने मोटारीची नोंद आणि चालकाचा परवाना आणला. १९३९ च्या कायद्याने त्रयस्थाच्या विम्याची तरतूद केली आणि १९४६ पासून तो विमा सक्तीचा झाला. ब्रेक, दिवे, भोंगा, वेग यांची चौकशी होई. टक्कर झालीच, तर आत बसलेल्या देहाचे काय होईल, हे तपासण्याची कल्पनाच नव्हती. अपघात म्हणजे चालकाची चूक किंवा दैवाचा कोप, एवढेच दोन पर्याय लोकांना माहीत होते.

जाड पत्र्याची गाडी म्हणजे भक्कम गाडी, हा आपल्याकडील दृढ समज. तो पुरता खरा नाही. ताशी ६४ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे सोळा मीटर उंचीवरून, म्हणजे पाचेक मजल्यांवरून, खाली पडण्यासारखे आहे. एवढी शक्ती कोठेतरी जिरली पाहिजे. गाडीचे नाक चुरगळले नाही, तर तो धक्का सरळ माणसाच्या छातीवर येतो. मर्सिडीझचे अभियंते बेला बारेन्यी यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी हेच ओळखले: पुढचा आणि मागचा भाग चेपला जावा, मधली खोली मात्र अभंग राहावी. १९५९ साली व्होल्वोने निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टा आणला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने अमेरिकेत खळबळ उडविली आणि पुढल्याच वर्षी तेथे सुरक्षेचा कायदा झाला. योगायोग असा, की त्याच १९६६ साली पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनची स्थापना झाली. पण टकरीची चाचणी आपल्याकडे सक्तीची होण्यास आणखी अर्धे शतक लोटावे लागले. जाड पत्र्याच्या भक्तांसाठी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. २००९ साली अमेरिकेत १९५९ ची भारदस्त शेव्रोले आणि २००९ ची साधी शेव्रोले समोरासमोर आदळविण्यात आल्या. जुन्या गाडीतील पुतळ्याची जागा पार चेपली गेली. नव्यातील पुतळा जवळजवळ धड राहिला.

मारुतीची छोटी मोटार १९८३ च्या डिसेंबरात आली, प्रारंभी जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडलेली. १९८४ साली तिच्यामागून व्हॅन आली, तीच पुढे ओम्नी म्हणून प्रसिद्ध झाली. यात्रेसाठी तिच्याइतकी सोयीची गाडी दुसरी नव्हती: दार सरकवावे आणि सारे कुटुंब, डबे नि वळकट्यांसह, आत कोंबावे. पण इंजिन पुढच्या आसनाखाली असल्याने चालकाच्या गुडघ्यांपुढे चेपण्यास जागाच उरलेली नव्हती.

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. आल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो. पाचही जणींना शून्य तारे. यातील पोलोची गोष्ट विशेष बोलकी आहे. तिचा सांगाडा टिकला होता, उणीव होती ती हवेच्या पिशव्यांची. दोन पिशव्या बसविताच तिला चार तारे मिळाले. म्हणजे विद्या ठाऊक होती, वस्तू उपलब्ध होती, किमतीच्या हिशेबात ती गाळली गेली होती. उलट त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तपासलेल्या दात्सुन गो गाडीचा सांगाडाच इतका दुबळा निघाला, की नुसत्या पिशव्यांनी भागले नसते.

स्वस्त मोटारीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो टाकाऊ नाही. भर पावसात चौघांनी स्कूटरवरून जाण्यापेक्षा कशीही असली तरी मोटार बरी. नॅनोचा जन्म याच विचारातून झाला. परंतु पर्याय स्कूटर आहे म्हणून ग्राहकाला तुलनेचे साधनच द्यावयाचे नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. गाडी घेणाऱ्याने गाडीचे मायलेज विचारले ते त्याला दुकानात तेवढेच सांगितले जाई म्हणून.

२०१७ च्या ऑक्टोबरपासून नव्या नमुन्यांस ताशी ५६ किलोमीटर वेगाची टक्कर-चाचणी लागू झाली. दोन वर्षांनी ती सर्व मोटारींस लागली. ५६ आणि ६४ यांतील अंतर थोडे वाटते, पण शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ते तीस टक्क्यांचे आहे. २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळविले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात भारताची स्वतःची तारांकन योजना सुरू झाली; तिच्यातील समोरच्या टकरीचा वेग ६४ किलोमीटर आहे. ती सक्तीची नाही. तारे मागायचे की नाही, हे कारखानदार ठरवितो.

ओम्नीची विक्री या नव्या नियमांमुळे २०१९ मध्ये थांबली. परंतु नियम नव्या गाडीस लागतात, विकून झालेल्या गाडीस नव्हे; आणि खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. शेवटच्या ओम्नी २०३४ पर्यंत तिच्यावरच रस्त्यावर राहू शकतात.