भूमि-अभिलेख : हस्तलिखित आणि संगणकीय

जमिनीची सीमा, क्षेत्र, आकार, धारक, त्यावरील बोजे आणि तीत घेतलेली पिके यांची शासनाने ठेवलेली अधिकृत नोंद म्हणजे भूमि-अभिलेख. महाराष्ट्रात या अभिलेखांपैकी सर्वसामान्य माणसाच्या परिचयाचा कागद म्हणजे सातबारा उतारा होय. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) हे दोन नमुने एकाच पानावर एकत्र देण्याची पद्धत असल्याने त्यास हे नाव पडले. शंभराहून अधिक वर्षे हाताने लिहिले गेलेले हे दप्तर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून संगणकावर आले. तथापि कागद पूर्णपणे लोपला नाही. आजचे महसुली कामकाज कागद व संगणक या दोहोंच्या आधाराने चालते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याचा इतिहास या स्थित्यंतराच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. कारण गेल्या पावणेदोनशे वर्षांत हा प्रदेश अनेक राजवटींखालून व निरनिराळ्या महसुली कायद्यांखालून गेला असून प्रत्येकाचा ठसा तेथील दप्तरावर उमटला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पूस नदीकाठी वसलेले पुसद हे वऱ्हाड प्रांतातील एक जुने ठाणे. १८५३ च्या तहान्वये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. तत्पूर्वी महसूलवसुली बव्हंशी मक्तेदारांकडे असे आणि शेतनिहाय हक्कांची एकसारखी नोंद उपलब्ध नव्हती. इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धती वऱ्हाडास लागू करण्यात आली. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम निश्चित केले होते. तदनुसार प्रत्येक शेताची मोजणी करून त्यास सर्व्हे नंबर देणे, मातीची प्रत आण्यांत ठरविणे व त्यावरून सारा आकारणे ही कामे १८६० नंतर वऱ्हाडात हाती घेण्यात आली. मोजणीस वापरलेली साखळी ३३ फुटांची व सोळा आण्यांत विभागलेली असे. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हे कोष्टक तिच्यावरूनच सिद्ध होते.

पुसद तालुका आरंभी वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ साली तो जिल्हा मोडण्यात आला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यास आणि पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्यास जोडण्यात आला. यवतमाळ जिल्हा तोपर्यंत वणी या नावाने ओळखला जात असे. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. महसुली कायदाही याच क्रमाने बदलत गेला : प्रथम १८९६ व १९२८ च्या वऱ्हाड जमीन महसूल संहिता, नंतर १९५४ ची मध्य प्रदेश संहिता आणि अखेरीस १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आलेली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. एखाद्या शेताचा जुना कागद शोधताना ही वंशावळ ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते. कारण प्रत्येक कायद्याखाली नमुन्यांची नावे, रकाने व धारणाधिकारांच्या संज्ञा वेगवेगळ्या होत्या. संयुक्त अहवालावर आधारलेला सर्व्हे नंबर मात्र या सर्व बदलांतून टिकून राहिला.

हस्तलिखित दप्तर : वऱ्हाडात गावाचा हिशोब पटवारी ठेवी व वसुलीची जबाबदारी पाटलाकडे असे. ही पदे वंशपरंपरागत असल्याने दप्तर बहुधा पटवाऱ्याच्या घरीच राही. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचे पद रद्द झाले आणि गावदप्तर तलाठी या पगारी सेवकाकडे आले. खेड्यातील बोलीत ‘पटवारी’ हा शब्द मात्र पुढेही रूढ राहिला. २०२४ मध्ये शासनाने तलाठी या पदास ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नाव देण्याचा निर्णय घेतला.

तलाठ्याचे दप्तर एक ते एकवीस गाव नमुन्यांत विभागलेले आहे. त्यांपैकी नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही, सहा-अ ही विवादग्रस्त प्रकरणांची, सहा-क ही वारस प्रकरणांची आणि आठ-अ ही खातेनिहाय जमिनींची नोंदवही होय. खरेदी, वारसा, वाटणी, गहाण इ. कारणांनी हक्कात बदल झाला, की त्याची नोंद प्रथम नमुना सहामध्ये क्रमांकासह होते. ती प्रमाणित झाल्यावर सातबारावर तिचा अंमल देण्यात येतो. जुन्या धारकाचे नाव खोडून टाकीत नसत. त्यास कंस करून नव्या नावापुढे फेरफार क्रमांक वर्तुळात लिहीत. यामुळे सातबाराचे एक पान म्हणजे त्या शेताचा संक्षिप्त इतिहासच असे. कंसातील नावावरून मागचा धारक आणि वर्तुळातील अंकावरून बदलाचे कारण शोधता येई.

या पद्धतीत उणिवाही होत्या. पाने भरल्यामुळे सातबाराचे साधारणतः दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होई. अशा वेळी एखादा सहहिस्सेदार, विशेषतः बहिणीचे वा विधवेचे नाव नव्या पानावर उतरविण्याचे राहून गेले, तर पुढील दशकभर ती व्यक्ती अभिलेखाच्या दृष्टीने नाहीशी होई. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आरमध्ये रूपांतर होताना (१ हेक्टर = १०० आर = सु. २·४७ एकर) क्षेत्राच्या बेरजेत तफावत राहण्याचा संभव असे. वाळवी, ओल व हाताळणी यांमुळे कागद जीर्ण होई, तो निराळाच दोष.

संगणकीकरण : भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून तीसाठी विदर्भातीलच वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. पुढे ही योजना अन्य जिल्ह्यांत विस्तारली आणि २००८ मध्ये तिचे रूपांतर राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात झाले. राज्यात जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमि-अभिलेख, पुणे यांच्या देखरेखीखाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेल्या प्रणालींद्वारे हे काम झाले.

हस्तलिखित सातबारा संगणकावर उतरविणे हे केवळ नकलेचे काम नव्हते. हस्तलिखितात समास, कंस, वर्तुळे आणि तलाठ्याच्या संक्षिप्त टिपा यांना अर्थ असे. संगणकाच्या ठराविक रकान्यांत त्यांना स्थान नव्हते. अक्षर न लागल्याने नावांत बदल, हिश्शांच्या क्षेत्राची एकूण क्षेत्राशी न जुळणारी बेरीज, ‘इतर अधिकार’ स्तंभातील नोंदी गळणे असे दोष त्यातून उद्‌भवले. म्हणून संगणकीय प्रत मूळ हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त करण्याची मोहीम राज्यभर घेण्यात आली. तिचा एक भाग म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले. त्यात सातबारा ग्रामस्थांसमोर मोठ्याने वाचून दाखविण्यात आले आणि खातेदारांचे आक्षेप नोंदविण्यात आले. लिखित नोंद समाजाच्या स्मृतीशी ताडून पाहण्याची ही जुनीच रीत संगणकाच्या काळात पुन्हा उपयोगी पडली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जनतेस उपलब्ध झाला. २०२० मध्ये सातबाराचा नमुना सुधारण्यात येऊन क्षेत्राची एकके, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व प्रलंबित फेरफारांचा उल्लेख त्यावर येऊ लागला.

मिश्र कार्यपद्धती : आजची फेरफार-प्रक्रिया पाहिली असता कागद व संगणक यांची कामे वाटली गेल्याचे दिसते. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारस कागदावर अर्ज करतात व त्यास मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडतात. तलाठी संगणकप्रणालीत फेरफार नोंदवितो. त्यास क्रमांक प्रणालीच देते, त्यामुळे मागील तारखेची नोंद मध्येच घुसविण्यास वाव राहत नाही. प्रणालीतून निघालेली नोटीस छापून हितसंबंधितांवर बजावली जाते आणि चावडीवर लावली जाते. पंधरा दिवसांत लेखी हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त ठरून त्याची सुनावणी होते. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी मूळ कागद तपासून नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर सातबारा बदलतो व डिजिटल स्वाक्षरी होऊन तो पाहता येतो. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदविला गेल्यास त्याची माहिती याच प्रणालीत येते, हा आणखी एक दुवा होय. पुसदसारख्या ठिकाणी खातेदार सेवाकेंद्रातून शुल्क भरून उतारा छापून घेतो व पीककर्जासाठी बँकेत देतो. अशा रीतीने एकाच व्यवहारात माहिती कागदावरून संगणकात व संगणकातून पुन्हा कागदावर असा प्रवास अनेकदा करते.

पीकपाहणीच्या बाबतीत बदल अधिक मूलगामी आहे. पूर्वी तलाठी शिवारफेरी करून नमुना बारा भरी. अनेक गावे सांभाळताना ही फेरी नावापुरती होण्याचा धोका असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीकपाहणी उपक्रमात शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र व नोंद पाठवितो. कापूस, तूर, ज्वारी यांखालील क्षेत्राची नोंद करण्याचा अधिकार यामुळे प्रथमच धारकाच्या हाती आला. मात्र ज्यांच्याजवळ साधन वा संपर्कजाळे नाही, त्यांच्या नोंदीसाठी अन्य व्यक्तीच्या साहाय्याची गरज उरली. पीकविमा, अनुदान व नुकसानभरपाई यांचा आधार हीच नोंद असल्याने ती राहून गेल्यास होणारी हानी मोठी असते.

पुरावामूल्य : संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. तथापि ही नोंद मुळात महसुली प्रयोजनासाठी असून ती स्वतः मालकी निर्माण करीत नाही. मालकी दस्त, वारसा वा न्यायालयीन निर्णय यांवरून ठरते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल स्वाक्षरीस विधिमान्यता दिल्याने संगणकीय उताराही पुराव्यात दाखल करता येतो. लेखनप्रमाद झाल्यास कलम १५५ अन्वये दुरुस्ती होते. मात्र चूक कोणती व मूळ नोंद कोणती हे ठरविण्यास जुने हस्तलिखितच पुढे करावे लागते. विशेषतः पुसदसारख्या आदिवासी वस्तीच्या तालुक्यात या कागदांचे महत्त्व अधिक आहे. अनुसूचित जमातींच्या जमिनींचे हस्तांतरण संहितेच्या कलम ३६ व ३६-अ यांनी मर्यादित केले आहे आणि १९७४ च्या कायद्याने काही जमिनी मूळ धारकांस परत मिळण्याची तरतूद केली. अशा दाव्यात निर्णायक ठरते ती अनेक दशकांपूर्वीच्या पानावरील कंसातील नाव व वर्तुळातील फेरफार क्रमांक. आजचा उतारा ताजी स्थिती स्वच्छपणे दाखवितो. तीपर्यंतचा मार्ग दाखविण्यास मात्र जुने पानच लागते.

जतन : या कारणास्तव जुन्या अभिलेखांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकावर पाहण्यास उपलब्ध करण्याचे काम अकोला, अमरावती, वाशीम इ. जिल्ह्यांपासून सुरू करण्यात आले. पुसद तालुका पूर्वी वाशीम जिल्ह्यात होता, हे लक्षात घेता अशा कामाचे महत्त्व आजच्या जिल्हासीमांपुरते मर्यादित नाही. प्रतिमा घेतल्याने मूळ कागदाची हाताळणी कमी होते व तो अधिक काळ टिकतो; परंतु प्रतिमेत न उमटलेली पुसट शाई, पाठीमागील शेरा किंवा बदललेले हस्ताक्षर तपासण्यासाठी मूळ पान आवश्यकच राहते. शोध, बेरीज, क्रमांकन व वितरण या कामांत संगणक श्रेष्ठ ठरला आहे. नोटीस बजावणे, हरकत घेणे आणि जुन्या नोंदीचा उगम सिद्ध करणे या कामांत कागदाचे स्थान टिकून आहे. दोहोंतील नोंदी परस्परांशी ताडून पाहण्याची व्यवस्था जेथे नीट चालते, तेथेच लहान धारकाचा जमिनीवरील हक्क सुरक्षित राहतो.