सिस्टर मेरी केनेथ केलर व संगणकविद्येचें शिक्षण

रविवारची मिस्सा आटोपली म्हणजे एखादे पिते आमच्याकडे येतात व विचारतात, "फादर, पोराला संगणकाच्या कोणत्या वर्गाला घालूं?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यामागें फीसाठीं काढलेलें कर्ज व मुलाचें उभें आयुष्य असतें. ज्युबिलीच्या या शुभ प्रसंगीं त्याचें उत्तर आम्ही इतिहासांतून देऊं इच्छितों.

सिस्टर मेरी केनेथ केलर यांचा जन्म इ. स. १९१३ मध्यें अमेरिकेंतील ओहायो राज्यांत झाला. १९३२ सालीं त्यांनीं धन्य कुमारी मरियेच्या नांवें चालणाऱ्या एका धर्मभगिनीसंघांत प्रवेश केला व १९४० सालीं व्रतें घेतलीं. शिकागोच्या डी पॉल विद्यापीठांत गणित शिकून त्या अध्यापन करीत राहिल्या. पुढें जून १९६५ मध्यें विस्कॉन्सिन विद्यापीठानें त्यांस संगणकशास्त्रांतील डॉक्टरेट दिली. अमेरिकेंत हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्या वेळीं त्यांचें वय ५१ वर्षांचें होतें! आम्हीही आज त्याच वयाच्या आसपास आहों, "आतां काय शिकावयाचें?" असें म्हणतांना आम्हांस त्यांची आठवण होऊन लाज वाटते.

त्यांच्या प्रबंधाचा विषय असा होता कीं, कांहीं उदाहरणें पुढें ठेविलीं असतां त्यांतील नियम यंत्रानें कसा शोधावा. पदवी मिळतांच त्यांनीं आयोवा राज्यांतील डब्यूक शहरीं, आपल्याच संघाच्या क्लार्क कॉलेजांत, संगणकशास्त्राचा विभाग स्थापिला व सुमारें वीस वर्षें तो चालविला. १९८५ च्या जानेवारींत त्या निवर्तल्या.

त्या काळीं संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. त्यास आज्ञा द्यावयाच्या त्या बहुधा भोकें पाडलेल्या पत्त्यांवरून. हें काम थोड्या शास्त्रज्ञांचें, अशी समजूत होती. ती मोडावी म्हणून १९६४ सालीं डार्टमथ कॉलेजांत केमेनी व कर्ट्झ या अध्यापकांनीं 'बेसिक' नांवाची सोपी आज्ञाभाषा रचिली. सिस्टर केलर यांचेंही मत असेंच होतें कीं, ही विद्या सर्वांस खुली असावी. नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्या मातांनीं तान्हें मूल घेऊन वर्गांत बसावें, यास त्यांची केवळ परवानगी नव्हे, उत्तेजन असे.

तीं यंत्रें आज वापरांतून गेलीं. त्या आज्ञाभाषाही बहुतांशीं मागें पडल्या. आतां तर यंत्रेंच आज्ञावली लिहूं लागलीं आहेत. मग विद्यार्थ्याजवळ उरतें काय? अवघड प्रश्नाचे लहान भाग पाडणें, ते क्रमानें सोडविणें, चूक कोठें झाली तें धीरानें शोधणें व आपला विचार स्पष्ट भाषेंत मांडणें. ही शिस्त एकदां अंगीं बाणली, म्हणजे नवें यंत्र आलें तरी विद्यार्थी गोंधळत नाहीं.

म्हणून त्या पित्यांस आमचें सांगणें असें: वर्गाच्या फलकावरील यंत्राचें नांव पाहूं नका, तेथें मुलाचें गणित व भाषा पक्की होते कीं नाहीं, गुरुजी स्वतः अजून शिकत आहेत कीं नाहींत, तें पाहा. आणि पोराबरोबर पोरीचेंही नांव घाला. तिचें लग्न होऊन कडेवर मूल आलें, तरी तिचें शिक्षण थांबवूं नका.