रानातल्या वेलचीची कुळकथा

वेलचीच्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ असे छापलेले दिसले की ही कोणती तरी नवी, महागडी चैन असावी, असा समज होतो. वेलचीची कुळकथा याच्या नेमकी उलट आहे. आल्याच्या कुळातली ही वनस्पती पश्चिम घाटातल्या सदाहरित अरण्यात जन्मली. उंच झाडांची सावली, दमट हवा आणि कुजलेल्या पाल्याची भुसभुशीत माती तिला लागते. कोडगूच्या जुन्या पद्धतीत तर तिची रोपेही लावत नसत. अरण्यातला लहानसा तुकडा निवडून तिथली काही मोठी झाडे पाडली, की उजेड मिळताच मातीत पडून राहिलेले बी आपोआप रुजे आणि काही वर्षांनी बोंडे धरत. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यात सुपारीच्या बागांमध्ये, पोफळींच्या सावलीत वेलची लावत. हावेरीच्या बाजारात ती रिठ्याच्या पाण्याने धुऊन उजळ केली जाई. सेंद्रिय शेती हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून वेलची त्याच रीतीने वाढत आली आहे. तेव्हा फवारणीची गरज का पडली, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मागणीत आणि उत्पादनाच्या ओढीत सापडते. अरबस्तानात कॉफीत वेलची सढळ हाताने पडते. विसाव्या शतकात ग्वाटेमालात लागवड सुरू झाली आणि पुढे तो देश या बाजारात भारताचा मोठा प्रतिस्पर्धी झाला. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात एका शेतकऱ्याने निवडलेल्या ‘न्जल्लानी’ या भरघोस वाणाने मळ्यांचे गणितच बदलले. अधिक पीक हवे म्हणून सावली विरळ झाली, खते वाढली, आणि फुलकिडे व खोडकिडा यांच्यावर वारंवार फवारे मारले जाऊ लागले. यात एक मोठा अंतर्विरोध आहे. वेलचीचे परागीभवन मुख्यतः मधमाश्या करतात आणि तिचे फूल जेमतेम एक दिवस टिकते. माश्यांना मारणारे औषध पिकाच्या मुळावरच येते.

यावर पहिला आक्षेप असा, की रानातले उत्पन्न तुटपुंजे होते. त्यावर ना शेतकऱ्याचे भागेल, ना बाजाराचे. तो खरा आहे, आणि कोडगूची जुनी पद्धत जशीच्या तशी परत आणा, असे कोणी म्हणू नये. पण सावली राखणे, पाल्याचे आच्छादन आणि निंबोळी पेंड घालणे, किडे दडतात ती वाळकी पाने काढणे, ‘कट्टे’ या विषाणूरोगाची झाडे दिसताच उपटणे हे नुसते निसर्गावर सोडून देणे नव्हे. ती कष्टाची, जाणती शेती आहे, आणि तिच्या मजुरीचा भार चढ्या दरातून ग्राहकाने उचलणे रास्त आहे.

दुसरा आक्षेप स्वयंपाकघरातला: सेंद्रिय वेलचीला वास जास्त असतो का? केवळ सेंद्रिय आहे म्हणून असतोच असे नाही. गंध असतो दाण्यांतल्या उडनशील तेलात. ते किती भरेल, हे वाण आणि पक्वता ठरवते. किती टिकेल, हे वाळवण आणि साठवण ठरवते. सेंद्रिय वेलचीचा फायदा वेगळा आहे. आपण वेलची न धुता, कित्येकदा सालासकट चहात आणि मसालेभातात टाकतो; सालावर जे उरले असेल ते थेट पोटात जाते. म्हणून वेलची पिकली कशी, याची चौकशी रास्त ठरते. पुढची जबाबदारी रांधणाऱ्याची. महिनाभर आधी पूड करून ठेवली तर उत्तम वेलचीही भुसा होते. दाणे आयत्या वेळी चिमूटभर साखरेबरोबर कुटावेत, मोदकाचे सारण वा बासुंदी चुलीवरून उतरल्यावरच पूड घालावी. हे तेल स्निग्धात मुरते, म्हणून दुधातुपाच्या पदार्थांत ते चांगले धरून राहते. सेंद्रिय वेलचीसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्याने एवढी काळजी घेतली, तरच शेतकऱ्याचे कष्ट ताटापर्यंत पोचतात.