मुक्या वेदनेची साक्ष

१८८६ मध्ये परळला मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या काळच्या पशुवैद्यकाचे लक्ष मुख्यत्वे घोड्याबैलांकडे असे. लंगडा बैल नांगर ओढत नाही, म्हणून त्याचे दुखणे हिशेबात येई. सांध्यांनी जखडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे मात्र ‘वय झाले’ एवढ्यावरच निभावे.

१९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने केलेली वेदनेची व्याख्याही वर्णनावर बेतलेली होती. मग ज्याला सांगताच येत नाही, त्याचे काय?

२००७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी घरच्या माणसालाच साक्षीदार केले. माणसांसाठीची वेदना-प्रश्नावली त्यांनी संधिवात झालेल्या कुत्र्यांसाठी घडवली. गेल्या ७ दिवसांतील सर्वांत तीव्र, सर्वांत सौम्य व सरासरी वेदना, शिवाय आत्ताची, ० ते १० अंकांत. पुढे उठणे, चालणे, धावणे, जिना चढणे. माझ्या मते यातला जिन्याचा प्रश्न सर्वांत बोलका. दवाखान्यात बावरलेले कुत्रे लंगडणे झाकू शकते. पिंपळे गुरवच्या इमारतीत ते हल्ली पहिल्या मजल्यावरच थबकते, हे रोज सोबत चढणाऱ्यालाच ठाऊक.

२०२० मध्ये संघटनेने व्याख्या सुधारली. बोलता येत नाही म्हणून वेदना नाकारता येत नाही, हे तिच्या टिपांत मानवेतर प्राण्यांचा स्पष्ट उल्लेख करून नोंदवले गेले. मधे ४१ वर्षे गेली.